तोफ मिनिटाला किती गोळे मारते, हे नळीवर ठरत नाही

लाल समुद्रात 2023 च्या अखेरीस हुती बंडखोरांनी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. ती पाडण्यासाठी काय काय वापरलं, याचा हिशोब अमेरिकी नौदलाने जानेवारी 2025 मध्ये सांगितला. त्यात शेकड्यांनी महागडी क्षेपणास्त्रं होती, हे अपेक्षितच होतं. पण त्याच यादीत पाच इंची तोफांचे 160 गोळेही होते. त्याच महिन्यात, 15 जानेवारी 2025 ला, मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सुरत ही विनाशिका नौदलात दाखल झाली. माझगाव डॉकने बांधलेल्या या जहाजाच्या पुढच्या डेकवर 76 मिलिमीटरची एक तोफ आहे. ती मिनिटाला 120 गोळे मारू शकते आणि तिच्या घुमटात माणूस नसतो. अशा आणखी 16 तोफांसाठी संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीशी सुमारे 2,957 कोटी रुपयांचा करार केला आहे.

हे वाचून दोन प्रश्न पडतात. क्षेपणास्त्रांच्या काळात तोफ कशाला? आणि तोफ इतक्या वेगाने भरली तरी कशी जाते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप मिळतं. ते शोधायला 1940 ते 1960 या काळातल्या मोजक्या क्रूझर जहाजांकडे जावं लागतं. जड गोळा यंत्राने भरायचा हा प्रश्न तिथे अत्यंत मेहनतीने सोडवला गेला, आणि तो सुटेपर्यंत जहाजांचीच गरज सरत आली.

आधी दोन-तीन शब्द

कॅलिबर म्हणजे तोफेच्या नळीच्या भोकाचा व्यास. क्रूझर म्हणजे विनाशिकेपेक्षा मोठी आणि बॅटलशिपपेक्षा लहान युद्धनौका. 1930 च्या लंडन नौदल करारात क्रूझरचे दोन गट पाडले गेले. 155 मिलिमीटरपर्यंतच्या तोफांची ती हलकी क्रूझर, त्याहून मोठ्या तोफांची ती जड. व्यवहारात हलक्या क्रूझरवर सहा इंची, म्हणजे 152 मिलिमीटरच्या तोफा असत आणि जड क्रूझरवर आठ इंची, म्हणजे 203 मिलिमीटरच्या. या लेखात मध्यम तोफ म्हटलं की याच दोन. तोफांभोवतीची पोलादी, फिरणारी खोली म्हणजे टरेट. टरेट दिसतं डेकवर, पण त्याचा खांब जहाजाच्या पोटात कित्येक मजले खाली दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत जातो. आपली सगळी गोष्ट त्या खांबात घडते.

हाताने भरायची तोफ

भारताकडेही अशा दोन क्रूझर होत्या. 1948 मध्ये आलेली दिल्ली, म्हणजे पूर्वीची अकिलीस, आणि 1957 मध्ये आलेली म्हैसूर, म्हणजे पूर्वीची नायजेरिया. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी दिल्लीने दीवसमोर आपल्या सहा इंची तोफा चालवल्या आणि म्हैसूर अंजदीव बेटासमोर उभी होती. मराठी वाचकाच्या अगदी जवळच्या इतिहासातल्या या तोफा हाताने भरायच्या होत्या.

हाताने म्हणजे कसं? एक गोळा साधारण 51 किलोचा. त्याच्यामागे लागणारी दारू वेगळ्या कापडी थैलीत. दोन्ही गोष्टी खालच्या कोठारांतून लिफ्टने टरेटमध्ये येत. तोफेचं मागचं दार, ज्याला ब्रीच म्हणतात, ते उघडायचं. गोळा तबकात ठेवून आत ठोसायचा. त्यामागे दारूची थैली ढकलायची. दार फिरवून घट्ट बंद करायचं, ठिणगीची सोय लावायची, मागे व्हायचं, आणि मग बार. चांगली सरावलेली टोळी मिनिटाला सहा ते आठ वेळा हे करी. डोलणाऱ्या जहाजात, धुरात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. मला तरी हे कौतुकाचंच वाटतं.

वेग कुठे अडतो ते लग्नाच्या पंगतीत बघा. भटारखान्यात कढया कितीही असल्या तरी जेवण कढईच्या वेगाने चालत नाही. कढईतून बादलीत, बादलीतून वाढप्याच्या हातात आणि तिथून पानात, या साखळीत जो सगळ्यात हळू असतो त्याच्या वेगाने पंगत उठते. तिथे एकाचे दोन वाढपी केले की काम भागतं. टरेटमध्ये मात्र ब्रीचमागे दुसरा माणूस उभा करायला जागाच नसते. शिवाय इथे पान जागेवर राहत नाही, ते सतत वर-खाली होत असतं.

वर-खाली होणाऱ्या नळीची अडचण

लांबचा नेम धरायचा तर नळी वर उचलावी लागते. नळी वर गेली की तिचं मागचं तोंड खाली जातं. 40 अंशाला उचललेल्या नळीत, खड्ड्यात गेलेल्या ब्रीचमधून वरच्या दिशेने जड गोळा ढकलणं हाताने जमत नाही. म्हणून मोठ्या तोफांत सोपी रीत होती. बार झाला की नळी खाली एका ठरावीक कोनावर आणायची, भरायची, परत वर न्यायची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या बाल्टिमोर वर्गाच्या जड क्रूझर याच रीतीने चालत. आठ इंची तोफ, थैलीतली दारू, ठरलेल्या कोनावर भरणं. मिनिटाला तीन, फार तर चार गोळे.

शांतपणे, दिवसाउजेडी, दूरच्या जहाजावर मारा करायला हे पुरेसं वाटत होतं. 1942 मध्ये सॉलोमन बेटांजवळच्या रात्रीच्या लढायांनी तो समज मोडला. 9 ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ मित्रराष्ट्रांच्या चार जड क्रूझर बुडाल्या. 30 नोव्हेंबरला तासाफारोंगाजवळ जपानी विनाशिकांनी टॉर्पेडो सोडून नॉर्दॅम्प्टन बुडवली आणि आणखी तीन क्रूझर जबर जखमी केल्या. रात्रीच्या अंधारात लक्ष्य रडारवर सापडतं, पण ते काही मिनिटांचंच असतं. वेगाने वळणाऱ्या विनाशिकेवर 15 ते 20 सेकंदांनी एक गोळा टाकत बसलं तर टॉर्पेडो सुटून गेलेले असतात. सहा इंची तोफांच्या हलक्या क्रूझर जास्त वेगाने मारत, पण त्यांचा गोळा लहान. अमेरिकी नौदलाला आठ इंची गोळा सहा इंचीच्या वेगाने हवा होता.

डे मॉइन: प्रश्न मुळातून सोडवला

याचं उत्तर म्हणजे डे मॉइन वर्गाच्या तीन क्रूझर. डे मॉइन, सेलम आणि न्यूपोर्ट न्यूज. तिन्ही 1948-49 मध्ये, म्हणजे युद्ध संपून गेल्यावर, नौदलात आल्या. प्रत्येकीवर तीन टरेट, प्रत्येक टरेटमध्ये तीन तोफा. एका तोफेचा वेग मिनिटाला 10 गोळे. चिलखत भेदणारा एक गोळा सुमारे 152 किलोचा होता, म्हणजे दर सहा सेकंदाला तेवढं वजन एकेका नळीत शिरत होतं.

अभियंत्यांनी दोन मोठे बदल केले. पहिला, कापडी थैली काढून दारू धातूच्या काडतुसात घातली. थैलीच्या तोफेत दारूचा वायू मागे निसटू नये म्हणून दार फिरवून आवळावं लागतं. शिवाय नळीत धुमसता तुकडा राहिला तर पुढची थैली पेटू शकते, म्हणून दर वेळी हवेने नळी साफ करावी लागते. काडतूस स्फोटाच्या दाबाने फुगून स्वतःच मागची फट बंद करतं. त्यामुळे दार फक्त सरकलं तरी चालतं, आणि सरकणारं दार यंत्राला झटकन उघडता-मिटता येतं. बार झाला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं.

दुसरा बदल जास्त सुंदर आहे. नळी भरण्यासाठी खाली आणायचीच नाही, भरणारं यंत्रच नळीबरोबर वर-खाली करायचं. खालून लिफ्टने आलेला गोळा आणि काडतूस झुलत्या पाळण्यात येतात, पाळणा नळीच्या कोनाशी जुळतो, दोन्ही ब्रीचमागे एका रेषेत येतात आणि ठोसणी त्यांना आत घालते. नळी कुठल्याही कोनावर असो, टरेट कुठल्याही दिशेला वळत असो, भरणं थांबत नाही. त्यामुळे रडार आणि गणकयंत्राने धरलेला नेम दर गोळ्याला सोडून पुन्हा धरावा लागत नाही. माझ्या मते वाढलेल्या वेगाइतकाच मोलाचा फायदा हा आहे, पण आकडेवारीत तो दिसत नाही.

नऊ तोफा गुणिले 10, म्हणजे मिनिटाला 90 गोळे. बाल्टिमोरच्या नऊ तोफांतून 30 च्या आसपास निघत. साधे स्फोटक गोळे सुमारे 118 किलोचे धरले तर डे मॉइन एका मिनिटात साडेदहा टनांहून जास्त लोखंड आणि स्फोटकं समोर टाकू शकत होती.

किंमत वजनात मोजावी लागली. बाल्टिमोरचं तीन तोफांचं टरेट 300 टनांच्या घरातलं, डे मॉइनचं साधारण 450 टनांचं. ते पेलायला जहाज 218 मीटर लांबीचं आणि भरल्यावर 20,000 टनांच्या वरचं झालं. तरी तोफा नऊच. तिप्पट मारा मिळाला, पण एवढं जहाज बांधणं फार थोड्या देशांना परवडणारं होतं.

तोच वेग आकाशाकडे वळवला तर?

तोवर क्रूझरचा खरा शत्रू बदलला होता. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीतल्या सालेर्नोजवळ जर्मन विमानाने हजारो मीटर उंचीवरून सोडलेला, रेडिओने वळवता येणारा बॉम्ब अमेरिकेच्या सव्हाना या क्रूझरवर पडला आणि 197 नौसैनिक गेले. तेवढ्या उंचीवर छोट्या विमानविरोधी तोफा पोचत नाहीत. मग सहा इंची तोफच विमानावर का चालवू नये? हा विचार अमेरिकेत 1941 पासून सुरू होता. त्यातून वूस्टर वर्गाच्या दोन क्रूझर आल्या. सहा टरेटमध्ये मिळून 12 तोफा, 78 अंशांपर्यंत उचलता येणाऱ्या, प्रत्येकी मिनिटाला 12 गोळे.

ब्रिटिश त्याही पुढे गेले. टायगर, लायन आणि ब्लेक या त्यांच्या क्रूझरचं बांधकाम युद्धकाळात सुरू झालं होतं, 1946 मध्ये थांबलं होतं. 1954 मध्ये ठरलं की त्याच जहाजांवर नवीन स्वयंचलित तोफा बसवायच्या. टायगर 1959 मध्ये आली, ब्लेक 1961 मध्ये. तोफा फक्त चार, दोन टरेटमध्ये. पण एका तोफेचा वेग मिनिटाला 20 आणि गोळा जवळजवळ 59 किलोचा. कागदावर चार नळ्यांतून 80 गोळे. हाताने भरायच्या 12 तोफांच्या क्रूझरलाही एवढं जेमतेम जमलं असतं.

हा हट्ट कशासाठी, ते साध्या हिशोबात दिसतं. ताशी 900 किलोमीटरने येणारं जेट मिनिटाला 15 किलोमीटर कापतं. तोफेच्या टप्प्यात ते मिनिटभर राहिलं तर हाताने भरलेल्या तोफेला सात संधी मिळतात, टायगरच्या तोफेला 20. 1943 पासून गोळ्याच्या टोकाला छोटा रेडिओ असलेला फ्यूजही आला होता. लक्ष्याजवळून जाताना तो गोळा आपोआप फोडतो. म्हणजे विमानाला थेट लागायची गरज नव्हती, जवळून जाणं पुरे होतं. जितके गोळे जास्त, तितके जवळून जाणारे जास्त.

दोन्ही देशांचे आकडे खरे होते, अडचण ते टिकवण्याची होती. वूस्टरवर विमानासाठीचे गोळे आणि जहाजासाठीचे गोळे वेगवेगळ्या वाटांनी येत. त्यामुळे गुंतागुंत दुप्पट झाली आणि यंत्र वारंवार अडकायचं. टायगरच्या तोफाही अडकण्यासाठी बदनाम झाल्या. तीन सेकंदांत लिफ्ट, पाळणा, ठोसणी, दार, बार आणि काडतूस बाहेर, या सगळ्या क्रिया एकामागोमाग नेमक्या व्हायच्या. त्यातली एक चुकली की पूर्ण तोफ गप्प. आणि जहाजावर तोफा चारच असतील तर एक गप्प होणं म्हणजे पाव मारा गेला. माझं मत स्पष्ट आहे: डे मॉइनच्या अभियंत्यांनी मिनिटाला 10 वर थांबण्यात शहाणपण दाखवलं, टायगरच्या रचनाकारांनी आकड्याच्या मोहात जहाजाची भिस्त फार थोड्या नळ्यांवर ठेवली.

मधला मार्ग स्वीडनच्या बोफोर्स कंपनीने धरला. नेदरलँड्सच्या दे रौटर आणि दे झेवेन प्रोव्हिन्सियन या 1953 मध्ये आलेल्या क्रूझरवर तिच्या सहा इंची आठ-आठ तोफा होत्या, प्रत्येकी मिनिटाला 15 गोळे मारणाऱ्या. दे रौटर पुढे 1973 मध्ये पेरूने घेतली. आल्मिरांते ग्राउ या नावाने ती त्याच तोफांसह 2017 पर्यंत सेवेत राहिली.

स्वयंचलित म्हणता, मग एवढी माणसं कशाला?

ही शंका रास्त आहे. टायगरवर सुमारे 700 आणि डे मॉइनवर सुमारे 1,800 माणसं होती. स्वयंचलित याचा तेव्हाचा अर्थ एवढाच की लिफ्टपासून ब्रीचपर्यंत गोळ्याला हात लागत नाही. कोठारातून गोळे आणि काडतुसं लिफ्टमध्ये घालणारे हात लागतच होते. वर यंत्र मिनिटाला 10 गोळे मागतं म्हटल्यावर खालच्या माणसांनाही तेवढेच द्यावे लागतात. शिवाय हायड्रॉलिक नळ्या, विजेच्या मोटारी, रडार, गणकयंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ वेगळे. घामाचं काम कमी झालं, कौशल्याचं वाढलं.

नळी तापत नाही का?

तापते. प्रत्येक बारागणिक नळीचा आतला थर झिजतो आणि उष्णता साठत जाते. नळी फार तापली आणि भरलेला गोळा आतच राहिला, तर दारू आपोआप पेटण्याचा धोका असतो. म्हणून मिनिटाला इतके गोळे हा आकडा छोट्या सरबत्तीचा असतो, तासभर चालणाऱ्या माऱ्याचा नव्हे. तसा मारा चालवला तर कोठारही लवकर रिकामं होतं. खरी गरजही तशीच होती. विमान किंवा विनाशिका टप्प्यात असते तो वेळ मिनिटांत मोजायचा.

दारू इतक्या वेगाने हलवणं धोक्याचं नाही?

1 ऑक्टोबर 1972 च्या रात्री व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ मारा करताना न्यूपोर्ट न्यूजच्या दुसऱ्या टरेटमधल्या मधल्या तोफेत गोळा नळीतच फुटला. 20 नौसैनिक मृत्युमुखी पडले. कारण होतं सदोष फ्यूज. भरणाऱ्या यंत्राचा त्यात दोष नव्हता. तरीही यंत्राचा संबंध नव्हता असं म्हणून मला हा विषय संपवता येत नाही. वेगाने भरायचं तर पुढची काडतुसं आधीच रांगेत उभी ठेवावी लागतात, आणि मागे असलेल्या त्या दारूने पेट घेतला. ते टरेट पुन्हा कधीच दुरुस्त झालं नाही. जहाज उरलेल्या दोन टरेटवर 1975 पर्यंत चाललं.

मग क्षेपणास्त्रांनी तोफेला संपवलं का?

उंचावरच्या विमानांविरुद्ध, हो. क्षेपणास्त्र वाटेत दिशा बदलतं, तोफगोळ्याला ते जमत नाही. वूस्टर आणि तिची बहीण रोआनोक 1958 मध्येच, जेमतेम 10 वर्षांत निवृत्त झाल्या. टायगर आणि ब्लेकची मागची टरेट काढून तिथे हेलिकॉप्टरसाठी हँगर बांधली गेली.

किनाऱ्यावरच्या माऱ्याला मात्र तोफेसारखं दुसरं स्वस्त साधन मिळालं नाही, म्हणूनच न्यूपोर्ट न्यूज व्हिएतनाममध्ये होती. आणि भरण्याची कला लहान तोफांकडे गेली. तिथे ती फार सहज रुजली, कारण 76 मिलिमीटरचा गोळा सहा किलोंच्या आसपास असतो. 152 किलोचं वजन सहा सेकंदांत हलवायला 450 टनांचं टरेट लागतं. सहा किलोंना हलकी, चपळ यंत्रणा पुरते. लाल समुद्रात ज्या ड्रोनवर लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र खर्च करणं जिवावर येतं, त्यांच्यासाठी अशी तोफ अगदी योग्य ठरते.

अमेरिकेच्या पाच इंची तोफेची वाटचाल यात विशेष बोलकी आहे. 1950 च्या दशकातली मार्क 42 तोफ मिनिटाला 40 गोळ्यांसाठी बनवली होती. ती इतकी त्रास देई की नंतर वेग 28 वर आणला गेला. 1970 च्या दशकात तिची जागा घेणाऱ्या मार्क 45 चा वेग नौदलाने मुद्दाम 20 वर ठेवला. वजन 60 टनांवरून 22 टनांच्या आसपास आलं, माणसं कमी झाली आणि तोफ भरवशाची झाली. आजच्या अमेरिकी विनाशिकांवर तीच आहे, लाल समुद्रातले ते 160 गोळेही पाच इंची तोफांचेच.

मोठी तोफ पुन्हा येईल?

दोनदा प्रयत्न झाला. 1975 मध्ये हल नावाच्या विनाशिकेवर मार्क 71 ही एकच आठ इंची तोफ बसवून चाचण्या झाल्या. वजन सुमारे 78 टन, वेग मिनिटाला 12. डे मॉइनच्या टरेटमध्ये एका तोफेच्या वाट्याला 150 टन येत होते, ते निम्म्यावर आले, वर वेगही वाढला. 25 वर्षांत शिकलेलं सगळं त्यात होतं, तरी 1978 मध्ये कार्यक्रम रद्द झाला.

दुसरा प्रयत्न झुमवॉल्ट वर्गाच्या विनाशिकांवरचा. 155 मिलिमीटरच्या दोन तोफा, मिनिटाला 10 गोळे, कोठारापासून नळीपर्यंत माणसाचा हात नाही. टायगरच्या काळात जे पूर्णपणे जमलं नव्हतं ते इथे जमलं. पण त्यासाठी लांब पल्ल्याचा खास गोळा बनवला होता. 32 जहाजांची योजना तीनवर आली, तशी गोळ्याची किंमत चढत एका नगाला सुमारे आठ लाख डॉलरवर पोचली. 2016 मध्ये नौदलाने तो गोळा घेणं थांबवलं. भरणारं यंत्र तयार, नळ्या तयार, भरायला गोळा नाही. 2023 पासून मिसिसिपीतल्या पास्कागुला इथल्या गोदीत झुमवॉल्टवरच्या त्या तोफांच्या जागी अतिवेगवान क्षेपणास्त्रं बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं.